पोतंभर कागद कॉम्प्युटरात घालायचे म्हणजे नेमकं काय करायचं

गेल्या मार्चमध्ये सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं जुनं दप्तर स्कॅन करायचं काम आमच्याकडं आलं. कारखान्याचं नाव राहू द्या. मालक म्हणाले, "त्यात काय ओ, झेरॉक्ससारखंच की, काचेवर ठेवायचं, बटण दाबायचं, पंधरा दिवसात होऊन जाईल." मी पण मान डोलावली, कारण तोवर मला पण तसंच वाटत होतं. माळ्यावर ४३ पोती होती. आजपर्यंत १५ झालीत.

त्यानंतर दोन पतसंस्था, एक शाळा आणि एका डॉक्टरांनी मला हेच विचारलं, आमचं पण करून दे की, किती लागतील. दर वेळी चहा गार होईपर्यंत तेच ते सांगावं लागतं, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

"कॉम्प्युटरात घालणे" म्हणतो आपण, पण त्यात तीन वेगळी कामं आहेत. एक, कागदाचा फोटो काढणं, ते स्कॅनिंग. दोन, त्या फोटोतली अक्षरं कॉम्प्युटरकडून वाचून घेणं, त्याला ओसीआर म्हणतात. आणि तीन, हा कागद कशाचा, कोणाचा, कधीचा हे माणसानं लिहून ठेवणं, तो इंडेक्स, आपली वहीच्या पहिल्या पानावरची अनुक्रमणिकाच समजा. लोक भाव विचारतात पहिल्याचा, दुसरं आपोआप होतं असं धरून चालतात आणि तिसऱ्याचं नावच काढत नाहीत. खरी मेहनत तिसऱ्यात आहे, आणि तिसरं नसेल तर पहिली दोन करून तुम्ही फक्त माळ्यावरची अडगळ हार्ड डिस्कमध्ये नेऊन टाकलीत.

कारण असं की स्क्रीनवर तुम्हाला हजेरीपट दिसतो, कॉम्प्युटरला नुसते ठिपके दिसतात. ए-फोर पान ३०० डीपीआयला स्कॅन केलं, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके या हिशोबानं, तर आडवे २४८० आणि उभे ३५०८, गुणाकार केला तर ८७ लाख ठिपके. त्या ८७ लाखांत कुठं "लक्ष्मी" लिहिलंय आणि कुठं चहाचा डाग पडलाय हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

बरं, सुरुवात स्कॅनरपासून करायचीच नसते. आधी पोती उपसायची. आमच्या पोत्यांत हजेरीपट होते, पगारपत्रकं होती, सुताच्या खरेदीची बिलं, डाइंगची चलनं, दोन्ही बाजूंना भोकं असलेले डॉट मॅट्रिक्सचे लांबच्या लांब कागद, आणि त्याच्याच मधे जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत कुणाला किती उचल दिली त्याची चिठ्ठी, असं सगळं. सरकारी ऑफिसात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात, अ वर्ग कायम जपायचा आणि ड वर्ग वर्षभरानं रद्दीत जातो. १९८० च्या दशकात नगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी ऑफिसातलं दप्तर लावायची जी शिस्त घालून दिली ती "लखिना पॅटर्न" म्हणून राज्यभर गाजली, त्यात कॉम्प्युटर कुठं होता, कागद वेगळे करा, लावा, नको ते काढा, एवढंच. आजही ते आधी केलं नाही तर तुम्ही पानामागं पैसे मोजून कॅलेंडर स्कॅन करत बसता.

काय ठेवायचं याचे थोडे नियम आहेत. जीएसटीच्या कायद्यात कलम ३६ प्रमाणं हिशोबाची कागदं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर हिशोबाच्या वह्या ८ वर्षं. कोर्टात काही चालू असेल तर ते मिटेपर्यंत हातच लावायचा नाही. आणि पगार-हजेरीचे कागद, माझं स्वतःचं मत सांगतो, त्यातला माणूस हयात आहे तोवर टाकूच नयेत, का ते पुढं येईलच. बाकीचं काढताना मात्र मन घट्ट करा. आमच्याकडं कारखान्याचे जुने दिवाणजी आहेत, सत्तरीच्या पुढचे, रिटायर होऊनही रोज येऊन बसतात. १९९८ ची चहाची बिलं बाजूला काढली तर म्हणाले, "राहू दे की बाळा, काय खायला मागतंय व्हय?" शेवटी ती बिलं त्यांच्या घरी गेली.

मग येते ती हमाली, जिचा भाव कुणी धरत नाही. टाचण्या काढायच्या, गंजलेल्या असतात त्या ओढायच्या नाहीत, कागद फाटतो, आधी वाकवून सैल करायच्या. स्टेपल काढायचे, लेस सोडायची, पण सोडायच्या आधी कुठलं पान कुठल्याला जोडलेलं होतं हे पेन्सिलनं मागं लिहायचं. घड्या सपाट करायच्या. आणि हे सगळं एप्रिलमध्ये सोलापुरात, पंखा बंद करून. पंखा लावला की कागद उडतात, खिडकी उघडली की धूळ येते, बाहेर ४२ डिग्री. आमचा पोरगा दर अर्ध्या तासानं बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरायचा आणि ओल्या हातानं परत यायचा, मग हात पुसायला पहिल्या दिवसापासून टॉवेल ठेवला, निदान टॉवेलची तरी तिथं कमी नव्हती.

स्कॅनर दोन प्रकारचे लागतात. एक फीडरवाला, त्यात गठ्ठा ठेवला की एकेक पान आत ओढून घेतो, धडधाकट कागदाला तो बरा. दुसरा काचेवर ठेवायचा, फ्लॅटबेड, जुन्या, कडा झडलेल्या आणि शिवलेल्या रजिस्टरांना तोच. फीडरमध्ये जुना कागद घालू नका, एकदा आत चुरगळला की संपलं. आणि फीडरची आणखी एक खोड आहे जी मला नुकसान झाल्यावर कळली. त्यात कागद सरकतो आणि वाचणारी काच जागेवर असते, म्हणजे त्या काचेवर एक कण जरी चिकटला तरी तो दर पानावर त्याच जागी दिसतो, आणि ठिपका म्हणून नाही, वरून खालपर्यंत सरळ रेघ म्हणून. कारखाना टॉवेलचा, हवेत सुताचा भुगा कायमचाच. २१२ पानं झाल्यावर मी स्क्रीनवर बघितलं तर प्रत्येक पानावर बरोब्बर एकूण दिवसांच्या रकान्यातून काळी रेघ गेलेली. १६ दिवस का १८ काही कळेना. सगळी परत केली. तेव्हापासून दर पन्नास पानांनी काच पुसायची आणि एक पान मोठं करून बघायचं, याला पर्याय नाही.

सेटिंगचं थोडक्यात. ३०० डीपीआय बहुतेक कागदांना पुरतं, बारीक किंवा पुसट अक्षराला ४०० करा. रंगाच्या बाबतीत मात्र चिंधीगिरी नको. नुसतं काळं-पांढरं ठेवलं की मशीन प्रत्येक ठिपक्याला विचारतं, तू काळा का पांढरा, मधलं काही नाही. मग पेन्सिलीचं लिखाण गायब, जांभळ्या शिक्क्याचा नुसता डाग, आणि पगारपत्रकावर रेव्हेन्यू तिकिटावर सही केलेली असते ना, तिथं काळा चौकोन, सही गेली त्याच्या पोटात. रंगीत केलं तर जागा जास्त लागते हे खरं, कच्चं पान साधारण २६ एमबी होतं, पण दाबून ठेवलं, म्हणजे कॉम्प्रेस केलं, की अर्धा ते एक एमबीत बसतं. चाळीस हजार पानं धरा, फार तर ४० जीबी, खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये मावतील. जागा वाचवायच्या नादात सही घालवण्यात काय अर्थ आहे.

दाबून ठेवण्यावरून एक गोष्ट आठवली, खरी आहे. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल नावाच्या जर्मन कॉम्प्युटरवाल्याच्या लक्षात आलं की बांधकामाचा नकाशा झेरॉक्स कंपनीच्या मशीनवर स्कॅन केला तर खोल्यांचे आकडेच बदलतायत. एका खोलीचं क्षेत्रफळ कागदावर २१.११ आणि स्कॅनमध्ये १४.१३, जे शेजारच्या खोलीचं होतं. दुसऱ्या कागदांवर ६ चा ८ झालेला सापडला. अक्षर पुसट नाही, फाटकं नाही, एकदम स्वच्छ छापल्यासारखं, पण चुकीचं. कारण जागा वाचवायची जी पद्धत त्यात होती, तिचं नाव जेबिग-टू, ती सारखे दिसणारे तुकडे शोधायची आणि एकच तुकडा सगळीकडं परत चिकटवायची, तिला वाटलं ६ आणि ८ सारखेच. कंपनीला नंतर दुरुस्ती द्यावी लागली. ज्यांच्या नावानं आपण सगळे "झेरॉक्स काढून आण" म्हणतो त्यांच्या मशीनची ही कथा, म्हणून आकड्यांच्या कागदाला जास्तीची दाब-पद्धत लावू नका आणि मधून मधून स्कॅन शेजारी मूळ कागद धरून आकडे ताडून बघा.

आता ओसीआर. छापील कागदाला हे छान चालतं, मराठीला पण. टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर आहे, १९८० च्या दशकात एचपी कंपनीत सुरू झालं, २००५ मध्ये सगळ्यांना फुकट खुलं केलं, त्यात मराठी आहे. देवनागरीत अक्षरं वरच्या रेघेला लटकलेली असतात त्यामुळं एक अक्षर कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं हे ओळखायला इंग्रजीपेक्षा अवघड जातं, तरी स्वच्छ छपाई असेल तर काम भागतं. पण हातानं लिहिलेल्या हजेरीपटावर त्याचा भरवसा धरू नका. घाईत लिहिलेला मराठी १ आणि ९ माणसाला सांगता येत नाही तर ते काय सांगणार. आणि मोडी असेल तर विषयच वेगळा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला ठिकठिकाणची जुनी दप्तरं उघडली तेव्हा मोडी वाचणारी माणसं शोधत फिरायची वेळ आली होती, आठवत असेल. तिथं आधी जाणकार बसतो, मशीन नंतर.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. मे महिन्यात, आमची नऊ पोती स्कॅन झालेली, मी खुशीत, तेवढ्यात एक मुलगी कारखान्यात आली. तिच्या आईनं तिथं ९६ सालापासून अकरा वर्षं टॉवेलच्या कडा शिवल्या होत्या. पीएफच्या पेन्शनला कमीत कमी १० वर्षांची नोकरी लागते आणि आईच्या नोंदीत मधली दोन वर्षं दिसतच नव्हती, तर त्या दोन वर्षांच्या हजेरीचा पुरावा पाहिजे होता. मालक ऐटीत म्हणाले, आता सगळं कॉम्प्युटरात आहे, काढ रे. मी फोल्डर उघडलं. "पोतं १", "पोतं २", "पोतं ३". आत "इमेज ०००१" पासून "इमेज २८६४" पर्यंत, स्कॅनरनं स्वतः दिलेली नावं. आईचं नाव लक्ष्मी, मी ते टाइप करून शोधलं, शून्य. मग एकेक पान उघडून बघायला लागलो, ती मुलगी माझ्या मागं उभी. दोन तास गेले. माळ्यावर चढून शोधलं असतं तरी एवढाच वेळ लागला असता, वर अंगाला जरा व्यायाम.

दिवाणजी कोपऱ्यातून सगळं बघत होते. मुलीला म्हणाले, "आई कुठं राहायची, विडी घरकुलात का? शिलाई खात्यात? मुकादम कोण होता?" तिनं सांगितलं. उठले, सातव्या पोत्यातला तिसरा गठ्ठा काढायला लावला आणि वीस मिनिटांत नाव समोर. नाव "लक्ष्मी" नव्हतंच. एका वर्षी "लच्चमा", पुढच्या वर्षी "लक्ष्मव्वा", आणि पीएफच्या फॉर्मवर "लक्ष्मीबाई". आधीचा कारकून तेलुगू बोलणारा, त्यानं त्याच्या कानाला आलं तसं लिहिलं, नंतरचा कन्नड, त्यानं त्याच्या, आणि फॉर्म भरणारा मराठी. बाई एकच. आपल्या सोलापुरात हे घराघरात आहे, पण हे कुठल्या ओसीआरला कळणार?

कारखान्याचा इंडेक्स होताच, तो दिवाणजींच्या डोक्यात होता. मग पुढचे आठ दिवस मी स्कॅनिंग बंद ठेवलं आणि त्यांच्यासमोर वही घेऊन बसलो. एकच विचारत होतो, लोक जुना कागद मागायला येतात तेव्हा काय बोलून मागतात? कुणी "पोतं ७" म्हणून मागत नाही. "माझी आई शिलाईत होती", "पप्पांच्या पायाला लागलं तो महिना", "बोनसवरून संप झाला ते वर्ष", असं मागतात. त्यातून रकाने ठरले. वर्ष, महिना, खातं, कागदाचा प्रकार, पीएफ नंबर, नवऱ्याचं किंवा वडलांचं नाव, आणि नावाला दोन वेगळे रकाने, एकात कागदावर जसं लिहिलंय तसंच्या तसं, चूक असली तरी दुरुस्त न करता, आणि दुसऱ्यात ती व्यक्ती आता ज्या नावानं ओळखली जाते ते. लच्चमा, लक्ष्मव्वा, लक्ष्मीबाई तिन्ही पहिल्या रकान्यात आपापल्या जागी, दुसऱ्यात मात्र एकच नाव. शेवटचा रकाना पोत्याचा आणि गठ्ठ्याचा नंबर, म्हणजे मूळ कागद लागला तर माळ्यावर हात सरळ तिथंच जातो.

याला कॉम्प्युटरवाले मेटाडेटा म्हणतात, ऐकायला भारी वाटतं. आपल्याकडं लग्नात दिलेल्या पातेल्यावर नाव कोरलेलं असतं बघा, कोणाकडून, कोणाला, कुठल्या तारखेला. पातेलं म्हणजे कागद आणि ती कोरलेली ओळ म्हणजे मेटाडेटा. पंगतीनंतर दहा घरची भांडी एका ढिगात आली तरी त्या ओळीवरून ज्याचं त्याला परत जातं.

आता हजेरीपटाच्या एका पानावर चाळीस नावं, सगळी टाइप करायची तर एका पानाला पंधरा मिनिटं, मग आयुष्य जाईल. यावर तोड अशी काढली की एका खात्यातली माणसं वर्षभर बहुतेक तीच असतात, तर जानेवारीच्या पानावरून नावं एकदा टाइप केली आणि बाराही पानांना तीच यादी जोडली, मधे कुणी आलं-गेलं तेवढंच वेगळं. सुताच्या बिलांना तर नुसतं वर्ष आणि व्यापाऱ्याचं नाव टाकलं, त्याला कोण विचारायला येतंय. सगळ्या कागदांवर सारखी मेहनत करायची नसते, ज्याच्यासाठी माणूस दारात येतो त्याच्यावर करायची. फाईलचं नाव पण असं ठेवा की आधी वर्ष, मग महिना, मग प्रकार, "१९९६-०४-हजेरी-शिलाई-०३", म्हणजे आपोआप तारखेच्या ओळीत लागतात.

शेवटी पीडीएफ करताना पीडीएफ-ए नावाचा प्रकार निवडा, २००५ पासून तो आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात फाईलला लागणारं सगळं, फॉन्टसकट, तिच्या पोटातच असतं. याचं महत्त्व कुणाला पटत नसेल तर पंचवीस वर्षांपूर्वी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं एखादं पत्र आज उघडून बघा, तो फॉन्ट मशीनवर नसेल तर सगळी चित्रविचित्र चिन्हं दिसतात. आमच्याकडं अशा फाईलींची एक फ्लॉपी पण निघाली. कागद शाबूत, फ्लॉपी मुकी.

बॅकअपचं सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. सुताच्या कारखान्याला आग लागली की काय होतं हे अक्कलकोट रोडला कुणाला सांगायला नको, तर एक हार्ड डिस्क कारखान्यात, एक मालकाच्या घरी आणि एक प्रत क्लाऊडवर. आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून दहा फाईली खरंच उघडून बघा. कामगारांच्या फाईलीत आधारच्या झेरॉक्स असतात, त्यामुळं पासवर्ड कुणाकुणाकडं आहे ते पण लिहून ठेवा, सगळ्यांना सगळं दिसायची गरज नसते.

आणि मग हमखास प्रश्न येतो, आता मूळ कागद रद्दीत घालू का? नका घालू, निदान महत्त्वाचे तरी. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली आहे, पण मृत्युपत्रासारखी काही कागदं त्यातून वगळलेली आहेत, आणि स्कॅन ही शेवटी कागदाची नक्कल असते, वाद झाला की समोरचा मूळच मागणार. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, त्याच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यायचं असतं आणि त्यात फाईलची हॅश लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा समजा. शा-२५६ पद्धतीनं काढली तर ६४ अक्षर-आकड्यांची एक ओळ मिळते, फाईलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. स्कॅन झाल्या दिवशीच काढून इंडेक्समध्ये टाकून ठेवली तर नंतर कुणी म्हणालं की फाईल बदलली, तर दाखवता येतं. डिजिलॉकरमध्ये पण हाच फरक आहे, सरकारी खात्यानं थेट तिथं दिलेलं लायसन्स मूळ कागदाच्या बरोबरीचं, आणि तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेलं म्हणजे नुसता फोटो.

कामाला हात घालायचा असेल तर सगळ्यात जुन्या पोत्यापासून सुरुवात करू नका, माझी तीच चूक झाली. गेल्या वर्षभरात ज्या कागदासाठी कुणीतरी तुमच्याकडं दोनदा चक्कर मारली तो गठ्ठा आधी घ्या. त्या मुलीला दोन वर्षांच्या हजेरीच्या नकला आणि मालकाचं पत्र मिळालं, पुढचं तिचं पीएफच्या ऑफिसात चालू आहे. आमची अजून २८ पोती राहिलीत. त्यातल्या दोनांवर दिवाणजींनी कधीतरी खडूनं "उघडू नये" असं लिहून ठेवलंय, का लिहिलं ते आता त्यांनाही आठवत नाही, पण उघडू पण देत नाहीत.